सिंहासनाची भिशी

त्या रविवारी नंदाला सकाळपासून चैन नव्हती. दूध उतू गेलं, भाजी करपली, आणि ही आपली मोबाइल हातात धरून माधव नगरच्या फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घालतेय. बँकेतून रिटायर झालेली बाई, पण दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखा जीव टांगणीला! कारण दुपारी सिंहासनावर तिचं नाव लागायचं होतं.

सिंहासन मोबाइलमधलं बरं का. हसू नका. नंदाच्या भिशीतल्या सगळ्या बायका तीन वर्षांपासून किल्ल्यांचा एक खेळ खेळतात. संघाचं नाव क्षिप्रा संघ. दर रविवारी दुपारी सगळे संघ एका सिंहासनासाठी तुटून पडतात. जो संघ ते घेईल, त्यातल्या एकाचं नाव तिथं लागतं, आणि तासभर राखलं तर आठवडाभर साऱ्या खेळात झळकतं. बाकीचे संघ आपल्यातल्या सगळ्यात बलाढ्य गड्याला बसवतात. या बायकांनी मात्र भिशीचा कायदा लावला. कटोऱ्यात चिठ्ठ्या, जिचं नाव निघेल ती राणी, आणि निघालेली चिठ्ठी सगळ्यांची पाळी होईपर्यंत परत पडायची नाही. विनोदिनीला तोफ कुठून उडवतात ते अजून कळत नाही, तीसुद्धा राणी होऊन गेली. शेवटी राहिली नंदा.

आणि नेमका आदल्या दिवशी सुमीतचा फोन आला. सुमीत तिच्या बहिणीचा मुलगा, इंदूरला नोकरीला. तोही याच संघात, आणि खेळातल्या वस्तूंसाठी खरे पैसे लावणारा तो एकटाच. राणी कुणीही असो, सिंहासनापुढं किल्ला तिचा, पण पहारा त्याच्याच फौजेचा.

"मावशी, उद्या मी बसू का? समोरचा संघ तगडा आलाय. तुझा किल्ला नाही टिकायचा. एकदा मला बसू दे ना."

नंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं एक पैसा न लावता, वीट वीट रचून तिनं किल्ला उभा केला होता. आणि हा आयत्या बिळावर नागोबा! तिनं रागारागात ग्रुपवर लिहिलं, "ज्यांना पैशाच्या जोरावर पाळी मोडायची असेल त्यांनी खुशाल दुसरा संघ बघावा." थोड्या वेळानं सुमीत संघातून निघून गेला. ना भांडण, ना तंडण. भांडला असता तर बरं झालं असतं, असं नंदाला रात्रभर वाटत राहिलं.

दुपारी शहरातल्याच नानाखेडा भागात तेजस्विनीच्या घरी भिशी भरली. भैरवगढी छापाच्या चादरीवर सगळ्या मांडी घालून बसल्या, पोह्यांवर शेव पडली, पण विनोदिनी सोडून खायचं भान कुणाला नव्हतं. क्षिप्रा संघानं सिंहासन घेतलं आणि वर झळकलं, राणी नंदा! बायकांनी टाळ्या वाजवल्या. नंदाचे डोळे भरून आले.

टाळ्या थांबायच्या आत हल्ला आला. भिंत अर्ध्यावर आली, मग त्याच्याही खाली.

"नंदाताई, डागडुजी करा, जल्दी!" तेजस्विनी ओरडली.

"करते गं! पेटी तर उघडू दे."

खेळात रोज एक पेटी यायची. लाकूड, दगड, औषधं, सगळं त्यात. वर लिहिलेलं असायचं 'शुभचिंतकाकडून'. नंदानं खेळातलं फडताळ उघडलं. रिकामं.

"आज कंपनीनं पेटी दिली नाही का गं?"

"कंपनी कशाला देईल?" विनोदिनी पोह्यांतून मान वर करून म्हणाली. "संघातल्या कुणी काही विकत घेतलं की बाकीच्यांना एकेक पेटी मिळते. नाव लपवायचं असेल तर शुभचिंतक येतं. सुमीतच्याच असणार त्या. दुसरं कोण पैसे लावतंय आपल्यात?"

विनोदिनीला तोफ कळत नव्हती, पण फुकट काय कुठून येतं ते बरोबर कळत होतं!

नंदाच्या बुरुजाचा दगड, तटाचं लाकूड, जखमी शिपायांचं औषध, सगळं त्या पेट्यांतलं. तीन वर्षं आयत्या पिठावर रेघोट्या तीच ओढत होती, आणि नागोबा म्हणाली कुणाला! शरमेनं तिचे कान तापले. मोबाइलवर भिंत पडत असतानाच तिनं तेजस्विनीच्या फोनवरून इंदूरला फोन लावला.

"सुमीत, मी चुकले रे. परत ये."

"मावशी, आज येताच येत नाही. संघ सोडला की एक दिवस थांबावं लागतं." मग हळूच म्हणाला, "आणि मी पाळी मोडत नव्हतो गं. मला पाळीच नव्हती. कटोऱ्यात माझी चिठ्ठी कधी होती का?"

खरंच नव्हती. पैसेवाल्याला चिठ्ठी कशाला, असं पहिल्याच दिवशी हसत हसत ठरलं होतं, आणि ठरवणारी तीच होती.

तेवढ्यात भिंत पडली. राणी नंदाचं नाव गेलं आणि कुण्या परक्याचं लागलं. बायका हळहळल्या. नंदानं मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नवी फेरी आजच काढायची ना?" सुमीतचा फोन चालूच ठेवून तिनं विचारलं. पेन मागून घेतलं, कागद फाडला, त्यावर सुमीतचं नाव लिहिलं आणि सगळ्यांच्या परत पडलेल्या चिठ्ठ्यांबरोबर ती चिठ्ठीही घडी घालून कटोऱ्यात टाकली. कुणी हरकत घेतली नाही.

तेजस्विनीनं कटोरा हलवला. नंदा मनातल्या मनात महाकालाचा धावा करत बसली. चिठ्ठी उघडली. विनोदिनी! पुन्हा तीच!

"हे राम," नंदा पुटपुटली आणि कसनुशा आवाजात फोनवर म्हणाली, "नाही रे निघालं तुझं."

"निघू दे कुणाचंही," सुमीत म्हणाला. "माझी आत होती ना?"

"होती रे राजा, होती," म्हणताना नंदाला रडू फुटलं.