किती पडला, ते मी सांगतो

मी एक पर्जन्यमापक. नावाला दबकू नका. एक नरसाळं, त्याखाली बाटली आणि भोवती जस्ताचं डबडं, एवढाच माझा संसार. सोलापूरच्या वेशीबाहेर, अक्कलकोटच्या रस्त्यालगत, एका शेतकी कचेरीच्या आवारात मला चौथऱ्यात पक्कं बसवलंय. जवळ झाड नको, भिंत नको, छप्पर नको. आडोसा झाला की माप चुकतं. म्हणून जन्मापासून मी उन्हात, एकटा. पाहुणा म्हणाल तर अंग घासायला येणारी शेळी. पाऊस इकडे नवसानंच येतो.

बहात्तरच्या दुष्काळात तर माझ्यात कोळ्यानं घर केलं होतं. त्याच वर्षी आवारात बोअर मारली. दोन वर्षांनी वेणीमाधव नावाचे कारकून बदलून आले. बायको रुद्राणी आणि तान्ही दुर्गा बरोबर. ते सारखे फिरतीवर. जाताना बायकोला सांगून गेले, "सकाळी साडेआठला मोजायचं, लिहायचं आणि ओतून द्यायचं. एवढंच."

रुद्राणी मॅट्रिक झालेली. माहेर केमच्या पलीकडच्या एका खेड्यातलं. हसताना पदर तोंडावर घ्यायची. मला वाटलं, लाजरी आहे. एकदा माझ्यावर वाकून नरसाळं पुसताना तिचे दात दिसले, तपकिरी पट्ट्यांचे. माहेरच्या विहिरीच्या पाण्यानं झालेले.

"बोअरचं पाणी ह्यांना मचूळ लागतं," ती मला म्हणाली. "मला त्यात माझे दात दिसतात. दुर्गीचे तरी तसे नकोत रे." मग इकडेतिकडे बघून, "डबड्याशी बोलते आहे मी! बरी आहे ना?"

बरी होती. माझ्याशी बोलणारं तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.

वैशाखात एका दुपारी पूर्वेकडून वळीव आला. पूर्वेला विटांच्या भट्ट्या. महिनाभर त्यांचा धूर आभाळात तुंबलेला; त्याच्यातूनच सर खाली आली. माझ्या नरसाळ्याला ती तिखट लागली. सकाळी रुद्राणीनं मोजलं, पण ओतलं नाही. फुलपात्रात घेतलं.

कचेरी झाडणारी केराबाई कमरेवर हात ठेवून उभी. "बाई, त्ये पानी कुटं चाललं?"

"दुर्गीला. आभाळातलं आहे, जमिनीला लागलेलंसुद्धा नाही."

"आन् आमी इतकी वर्सं काय गटारीचं पेलो व्हय?"

रुद्राणी हसली, पदराआड. आत जाऊन तिनं ते पाणी उकळलं. चांगलं निम्मं होईपर्यंत. शिकलेली आई ती, कच्चं पाणी कशी देईल!

मला ओरडायचं होतं. नरसाळ्याला घसा असतो, आवाज नसतो. आणि खरं सांगू? प्रत्येक वळवानंतर ती धावत येई, तेव्हा मला बरंही वाटे.

मग कुंपणाजवळच्या आंब्याकडे तिचं लक्ष गेलं. भट्टीच्या बाजूची पानं कडेनं भाजल्यासारखी, अलीकडची हिरवीगार. "उन्हानंच असेल," असं स्वतःला समजावलं तिनं, तरी वळवाचं थोडं पाणी बाटलीत जपून ठेवलं. श्रावणात तिचे भाऊ कमलाकर आले. ते कॉलेजात रसायन शिकवायचे. तिनं तीन बाटल्या पुढे केल्या: बोअरची, वळवाची, श्रावणाची. "हस हवं तर. पण तपासून दे."

ते परत आले तेव्हा हसत नव्हते. माझ्याजवळच उभे राहिले.

"बोअरमध्ये फ्लोराइड आहे, रुद्रा, दातांवर डाग पाडणारं. तुझी भीती खरी. पण वळवाच्या बाटलीतही आहे."

"आभाळात कुठून येईल, दादा?"

"भट्टीतून. माती भाजली की ते धुरात जातं. पाऊस नसला की साठत राहतं, मग पहिली सर सगळं धुऊन आणते. श्रावणात भट्ट्या बंद, वारा पश्चिमेचा, झड रोजची. त्या पाण्यात जवळजवळ काही नाही."

"पण मी उकळून दिलं होतं. निम्मं आटवून."

"उकळल्यानं जंतू मरतात. हे मरत नाही गं. पाणी आटतं, हे मागे राहतं. दाट होतं."

"म्हणजे जितकी जास्त काळजी घेतली, तितकं जास्त पाजलं."

"चार-दोन फुलपात्रांनी काही बिघडत नाही. सवय लावू नकोस, एवढंच."

दादा गेल्यावर ती माझ्या काठावर हात ठेवून उभी राहिली. "तुझं काय चुकलं? पडलं ते धरलंस."

दुसऱ्या दिवसापासून सायकलवरून शहराच्या नळाचं पाणी येऊ लागलं. माझ्याकडे ती साडेआठला येई, मोजी, लिही आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतून देई. बोलणं कमी झालं. बरोबरच होतं ते. तरी रिकामी बाटली आत ठेवल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढे बदली झाली. ट्रंका टांग्यात चढल्या आणि दुर्गी धावत आली, नरसाळ्यात हात घालून खदखदा हसली. दुधाचे दात पांढरेशुभ्र. रुद्राणी बघतच राहिली. पण डाग पडतात ते पक्क्या दातांवर; ते अजून हिरडीत होते, आणि त्यांचं कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

आता नवे कारकून येतात. भट्ट्या वाढल्यात. पाऊस किती पडला, हे सगळे विचारतात. पावसातून काय पडलं, हे विचारणारी एकच होती. तुम्ही या रस्त्यानं जाणारे. कुठे दुर्गा नावाची बाई भेटली, तर तिला एकदा हसवा. तिनं पदर तोंडावर नेला नाही, तर परतताना क्षणभर इथे थांबा आणि मला तेवढं सांगून जा.