मोगरीखालचा कॉस्च्यूम

समीक्षा मूळची डोणगावची. लहानपणापासून पाण्याला इतकी भ्यायची, की कंबरभर पाण्यात उभं राहायचं म्हटलं तरी काठावरूनच परत फिरायची. लग्न होऊन ती वडनेर भोलजीला आली, तिथल्याच शाळेत शिकवायला लागली आणि या उन्हाळ्यात तिने कोणालाही न विचारता पोहण्याच्या शिकवणीत नाव घातलं. हायवेलगत पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात पोहण्याचा तलाव होता आणि तिथे सकाळी फक्त बायकांची बॅच सुरू झाली होती.

"तू पोहणार?" हर्षल, तिचा नवरा, खरंच चकित झाला होता.

सासूबाई सत्यभामाबाई मात्र वांगी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे ना तिले. काऊन अडवून राह्यला?"

हर्षलने खामगावहून सामान आणलं. गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचा निळा कॉस्च्यूम, गॉगल, डोक्याला ताणून बसवायची टोपी. पहिल्या दिवशी समीक्षा आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच हसली. पण पाण्यात उतरल्यावर तिला बरं वाटलं. शिकवणारी पायल खामगावची, वयाने लहान, आवाजाने मोठी. ती ओरडली की पलीकडच्या शेतातले बगळे उडायचे. आठवड्याभरात समीक्षा पाण्यात तोंड घालायला लागली, मग काठाची दांडी धरून पाय मारायला लागली.

पोहून ती तशीच स्कूटीवरून शाळेत सुट्टीतले जादा वर्ग घ्यायला जायची. ओलं सामान प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डिकीत, स्कूटी शाळेच्या पटांगणात भर उन्हात. दुपारी घरी आली की पिशवी मोरीत टाकून जेवायला बसायची. संध्याकाळपर्यंत कॉस्च्यूम घडी होऊन तिच्या पलंगावर यायचा. सासूबाई किती करतात आपलं, असं तिच्या मनात यायचं.

सत्यभामाबाई खरंच खूप करत होत्या. त्यांच्या हातचे कपडे ही त्या गल्लीतली सांगण्यासारखी गोष्ट होती. सासऱ्यांचं धोतर, हर्षलचे शर्ट, सगळं पांढरंशुभ्र निघायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी कॉस्च्यूम नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "दवाखान्यावानी वास येते याले." मग त्यांनी बंबातलं कढत पाणी घेतलं, मूठभर पावडर टाकली, कॉस्च्यूम तासभर भिजवला आणि धुण्याच्या दगडावर ठेवून मोगरीने असा बदडला, की वास काय, रंगही निघाला. नंतर पीळ देऊन तो गोठ्याच्या पत्र्यावर वाळत घातला. वैशाखातला पत्रा. त्यावर पापड भाजला असता.

गॉगलही त्यांनी सोडला नाही. काचेवर पाण्याचे डाग दिसले, म्हणून भांड्याची पावडर घेऊन आतून-बाहेरून घासून काढला.

हे रोज चाललं.

पुढच्या पंधरवड्यात समीक्षाचं पोहणं सुधारायच्या ऐवजी बिघडत गेलं. हात मारला की अंगाभोवती पाण्याची गोणी बांधल्यासारखं जड वाटायचं. समोरचं काही दिसायचं नाही, धुकं पडल्यासारखं. एका सकाळी पायलने दांडी सोडून तलावाची रुंदी पार करायला सांगितली. समीक्षाने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि निघाली. अर्ध्यात कॉस्च्यूममध्ये पाणी शिरलं, एक खांदा घसरला, गॉगल धुरकटला. समोर काहीतरी लांब दिसलं. दांडीच असणार, म्हणून तिने ते दोन्ही हातांनी गच्च धरलं.

ती जनकाबाईंची वेणी होती.

"कोन व माय ते!" जनकाबाई किंचाळल्या. त्या बँकेतल्या क्लार्कच्या पत्नी, अंगाने भारदस्त. दोघी एकमेकींना धरून बुडू लागल्या. पाणी छातीपर्यंतच आहे हे पायलने तीनदा ओरडून सांगितल्यावर दोघी उभ्या राहिल्या.

सगळ्या हसल्या. जनकाबाईसुद्धा हसल्या. समीक्षा मात्र काठावर बसून रडायला लागली. "मला नाही जमणार, पायल. मी उद्यापासून येत नाही."

पायल शेजारी बसली. तिचं लक्ष समीक्षाच्या रडण्यापेक्षा कॉस्च्यूमकडेच जास्त होतं. तिने बाहीचं कापड चिमटीत धरून ओढलं आणि सोडलं. कापड ओढलेलं तसंच लोंबत राहिलं.

"मॅडम, हा जुना आहे का? कोणाचा वापरलेला?"

"नाही गं. याच महिन्यात घेतला."

"मग याला धुता कशाने?"

समीक्षाला नीट माहीतच नव्हतं. पायलने गॉगल उजेडाकडे धरला. आतल्या बाजूला बारीक ओरखड्यांचं जाळं झालं होतं. "आतून घासला कोणीतरी. आत एक थर असतो, त्यानेच वाफ धरत नाही. आतून बोटसुद्धा लावायचं नसतं. साध्या पाण्यात बुडवायचा, झटकायचा, सावलीत ठेवायचा. बस. आणि कॉस्च्यूमला गरम पाणी नाही, पावडर नाही, पीळ नाही, ऊन नाही. त्याच्यात रबरासारखा धागा असतो. तो मेला की कॉस्च्यूम मेला." मग तिने टोपी मागितली. समीक्षाने पिशवीतून काढली, तर ती चिकटून एक गोळा झाली होती. उलगडताना टर्रकन फाटली.

"ही कुठे ठेवता?"

"डिकीत."

"उन्हात?" पायलने कपाळाला हात लावला. "मॅडम, पोहणं तुम्हाला जमून राह्यलंय. सामान जमत नाही आहे."

घरी जाताना समीक्षाला हलकं वाटत होतं आणि रागही येत होता. तिने सासूबाईंना ओट्यावरच गाठलं आणि धुण्याचं सगळं एका दमात सांगून टाकलं. कढत पाणी, मोगरी, पत्रा, भांड्याची पावडर. डिकीचं तेवढं सांगायचं राहून गेलं.

सत्यभामाबाई ऐकत होत्या. मग पदराने हात पुसत उठल्या. "म्हणजे मी नास केला तुह्या कपड्याचा. या घरात आली तईपासून धुनं धुऊन राह्यली मी. आजवर कोनी असं बोललं नाई." आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरात धुण्याचे दोन ढीग पडू लागले. सगळ्यांचे कपडे दोरीवर, समीक्षाचे तसेच बादलीत. जेवायला वाढायच्या, भाकर गरम द्यायच्या, पण शब्द नाही. हर्षल दोघींच्या मध्ये जेवत होता. शेवटी तो म्हणाला, "माझ्या शर्टाले पाहिजे तर दोनदा मोगरी मारा, पण कोनी तरी बोला."

समीक्षाला फाटलेली टोपी दप्तरात रोज दिसत होती. रविवारी सासूबाई भाजीच्या वाफ्यात पाणी सोडत होत्या, तिथे ती गेली.

"आई, मी सगळं तुमच्यावर ढकललं. टोपीची वाट मी स्वतः लावली. ओलं सामान दुपारपर्यंत डिकीत शिजवत होते. तुमच्या हाती यायच्या आधीच कॉस्च्यूम अर्धा मेलेला असायचा."

सत्यभामाबाईंनी फावडं टेकवलं. "मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

सत्यभामाबाईंनी पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. "उद्या येता का माझ्यासोबत? नुसतं पाहायला," समीक्षाने विचारलं.

"मी कायले येऊ तिथं? कामं पडली आहेत घरी."

सकाळी समीक्षाने स्कूटी काढली तेव्हा सत्यभामाबाई चांगली साडी नेसून फाटकापाशी उभ्या होत्या.

तलावावर त्या काठाच्या खुर्चीवर बसल्या, पण थोडाच वेळ. मग पायऱ्यांवर आल्या, मग पाय पाण्यात सोडले. पायलला त्यांनी विचारलं, पाण्यात औषध टाकतात तेच कपड्याला खाते का? पायल म्हणाली, हो, म्हणूनच आधी साध्या पाण्याने कॉस्च्यूम भिजवून उतरायचं. भिजलेलं कापड औषध कमी पितं. निघताना पुन्हा साध्या पाण्याखाली धरायचं. सत्यभामाबाईंनी मान हलवली. हे त्यांना पटलं.

"आई, तुम्हाला भीती नाही वाटत पाण्याची?" समीक्षाने पाण्यातून विचारलं.

"मले?" त्या हसल्या. "आमच्या जळगाव जामोदच्या मळ्यात मोठी विहीर होती. बापानं आम्हा बहिनींच्या पाठीले डबा बांधून एकेकीले ढकलून देल्लं. मी तर वरून उड्या मारू. लग्न झालं अन् सुटलं सगळं. इकडं सुनबाईनं विहिरीत उडी मारली तर लोक काय म्हनतीन?"

समीक्षा पाहतच राहिली. इतकी वर्षं एका घरात, आणि हे तिला माहीत नव्हतं.

"उतरता का मग?" पायल म्हणाली. "पण साडीत नाही. साडी पायांत गुंतते."

हर्षल पुन्हा खामगावला गेला. यावेळी नव्या टोप्या, नवा गॉगल आणि दोन कॉस्च्यूम आले. समीक्षाचा नवा आणि दुसरा मनगटापासून घोट्यापर्यंतचा, काळा. सत्यभामाबाई कपडे बदलायच्या खोलीतून बाहेरच येईनात. शेवटी जनकाबाई दाराशी जाऊन म्हणाल्या, "या व बाहेर, मी आली ना अशी, तुमाले काय झालं?" तेव्हा त्या आल्या, कोणाकडे न पाहता तलावाच्या खोल टोकाकडे गेल्या आणि समीक्षा "आई, तिकडे नको" म्हणेपर्यंत धाडकन उडी मारली. वर आल्या त्या डोकं उंच धरून, हात सपासप टाकत, विहिरीतल्या पद्धतीने. पायलसुद्धा शिट्टी विसरली.

पलीकडच्या काठाला लागून त्यांनी चेहऱ्यावरचं पाणी निपटलं. डोळे लाल झाले होते. गॉगल घातला नव्हता म्हणून असेल.

आता घरी सामानाची व्यवस्था त्यांच्याकडेच असते. दोन्ही कॉस्च्यूम त्या टॉवेलात अळूवडीसारखे गुंडाळून हलके दाबतात आणि कांदाचाळीत बांबूवर आडवे टाकतात. तिथे ऊन नाही आणि वारा चहूबाजूंनी. गॉगल चष्म्याच्या डबीत. टोप्या पुसून, आतून हर्षलच्या डब्यातली तोंडाला लावायची पावडर लावून. हर्षलने एकदा तक्रार केली, तर त्याला ऐकायला मिळालं, "तुह्या तोंडापेक्षा टोपी महाग आहे बे."

जूनच्या सुरुवातीला पायलने समीक्षाला पहिल्यांदा लांबी पार करायला सांगितली, खोल पाण्यावरून. सत्यभामाबाई शेजारून निघाल्या, मुद्दाम हळू. समीक्षाला त्यांचे हात स्पष्ट दिसत होते, खालचा निळा तळही दिसत होता. मध्ये एकदा तिचे पाय खाली तळ शोधू लागले. ती थांबणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "पाय मार, पाय मार. मी आहे."

काठाला हात लागला तेव्हा तिला आधी खरंच वाटलं नाही. मग ती दांडीला लटकून हसायला लागली. जनकाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"चाल, आता परत जाऊ," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"थांबा ना आई, श्वास तर घेऊ द्या!"

पण त्या अर्ध्यात पोचल्याही होत्या.