मारताबाई ‘येते’ म्हणून गेली

मित्रांनो, सुरतच्या डिंडोली वस्तीतील एका खोलीत, पिठाच्या डब्याशेजारच्या फळीवर बसून राहिलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जपानमधल्या एका कारखान्यात मला घडवले आणि पोर्तुगालच्या लिस्बन शहरात मला विकले. तिथे माझ्या मालकिणीच्या खिडकीतून रुंद नदी दिसे. मालकिणीचे नाव मार्टा. ती लहान मुलांना नृत्य शिकवी. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी सुरतेत चालणाऱ्या एका वर्गात वर्षभर विनावेतन शिकवायचे तिने ठरवले, आणि १९९६ च्या जानेवारीत लोकरीच्या शालीत गुंडाळून मला इथे आणले.

पहिल्या दिवशी वर्गात कोणी फिरकले नाही. मार्टाबाई आल्या आहेत, असा निरोप वर्गाच्या शिक्षिका सरलाबाईंनी वस्तीत धाडला होता. घरोघर फिरता फिरता त्या नावाचे ‘मारताबाई’ झाले होते. मारणाऱ्या बाईंकडे आपण होऊन कोण जाणार? मुले भिंतीआड उभी होती. मार्टाने माझे बटण दाबले. मी गाऊ लागलो, तेव्हा दहा वर्षांची रंजना दारात आली आणि बाई खरंच मारते का, असे तिने सरलाबाईंना हळूच विचारले.

“ही मारत नाही गं, नाचते,” सरलाबाई म्हणाल्या.

नाव मात्र तेच राहिले.

रंजनाचे आईवडील खानदेशातून आलेले. वडील छगन लूमवर होते. आई मंगलाबाई घरी साड्यांचे लोंबते धागे कापून देत. त्याच कामासाठी दुसरीनंतर रंजनाची शाळा सुटली होती. मंगलाबाईंनी तिला वर्गाला सोडले, पण बजावून: बाई इथे आहे तोवरच. बाई गेली की पुन्हा कात्री हाती घ्यायची.

ते वर्ष माझ्या आयुष्यातले सोन्याचे होते. लूमच्या खटखटीत वाढलेल्या मुलांचे पाय माझ्या गाण्याऐवजी जमिनीतून येणारा ठेका धरत. मार्टाने काही दिवस त्यांना दुरुस्त केले आणि मग स्वतःच तो ठेका शिकून घेतला. नाचाआधी एक पान वाचायचे, असा तिचा नियम होता. तिला मराठी येत नव्हते, म्हणून तीही पाटी घेऊन मुलांत बसे. रंजना तिची शिक्षिका झाली. ‘ळ’ म्हणताना मार्टाची जीभ अडखळली की रंजना डोक्याला हात लावी. उद्या बाईला शिकवायचे तर आज सरलाबाईंकडून आपण शिकायला हवे, या ओढीने ती बाराखडीतून धड्यापर्यंत आली. मला रोज रुमालाने पुसले जाई. माझी कळ दाबण्याचा मान वाचून दाखवणाऱ्यालाच मिळे.

डिसेंबरात मार्टा निघाली. मला तिने मुलांसाठी रंजनाच्या घरी मागे ठेवले. मंगलाबाईंच्या दारात हात जोडून तिने जपून शिकलेला शब्द उच्चारला, “जाते.” मंगलाबाईंनी झटकन तिच्या ओठांवर बोटे ठेवली.

“जास नको म्हनू वं बाई. येस म्हन.”

त्यांच्या अहिराणीत ‘जास’ म्हणजे जाते आणि ‘येस’ म्हणजे येते. आपल्याकडे निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, हे मला ठाऊक नव्हते. तिलाही नसावे. इंग्रजीतल्या होकारासारखा तो शब्द तिने हसून म्हटला, “येस.” परदेशात घडलेल्या मला ते वचन वाटले.

दुसऱ्या सकाळी मंगलाबाईंनी रंजनापुढे साड्यांचा गठ्ठा ठेवला. रंजनाने कात्री उचलली नाही. ती म्हणाली, “तिले येस म्हनाले तूच सांगं ना, माय? मंग वर्ग बंद करशी, तं ती येवाव नही अशेच व्हयी ना?”

जो शब्द मंगलाबाईंनी हट्टाने वदवून घेतला, तो खोटा कसा पाडणार? त्यांनी गठ्ठा स्वतःकडे ओढला.

त्यानंतर आम्ही वाट पाहिली. नदीचे चित्र असलेले एक पोस्टकार्ड आले, मग काही आले नाही. दार वाजले की माझ्या तारांत काही थरथरे. येई ती शेजारची सुंदरा, नाहीतर वारा. रंजना लहानग्यांना वाचायला बसवी आणि मी गात राही. हळूहळू माझा पट्टा सैल झाला, गाणी चिंचोळ्या सावल्यांसारखी लांबत गेली, आणि एके दिवशी मी थांबलो. रंजनाने मला फळीवर ठेवले व टाळ्यांवर नाच चालू ठेवला.

१९९८ च्या जूनमध्ये मंगलाबाई तिला मराठी शाळेत घेऊन गेल्या. वय वाढलेल्या मुलीला थेट पाचवीत घ्यायला मुख्याध्यापक नाखूश होते. हिला लिहिता-वाचता येतं का, एवढेच त्यांनी विचारले. मंगलाबाईंनी ताठ मानेने उत्तर दिले, “येस.” रंजनाने धडा वाचून दाखवला, तिचे नाव पटावर चढले. घरी येऊन मंगलाबाईंनी हे तीनदा सांगितले. ज्या शब्दाने बाई गेली होती, त्याच शब्दाने लेक शाळेत पोचली होती.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. पण कोणी दूरदेशीहून येऊन तुम्हाला काही देऊन गेले असेल, तर ते वापरात ठेवा आणि त्या माणसाला कळवा. आज माझ्याशेजारी बसून रंजना पत्र लिहीत आहे. पत्ता पोस्टकार्डावरून उतरवला आहे, मजकूर मात्र मराठीत आहे. लिस्बनमध्ये मराठी अक्षरे लावता येणारे बहुधा एकच माणूस असेल, आणि त्याला ती रंजनानेच शिकवली आहेत.