बाबाचा पिलिया

आमचे बाबा अडतीसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. तेरवी व्हायच्या आत आईने त्याचा पिलिया, म्हणजे कावीळ, करून टाकला. काहून, तर आम्हा तीन भावंडांची लग्नं पुढे व्हायची होती. मी दीपमाला, मधला अंकुश अन् लहान पिंकी. "हार्टवाल्या घरी सोयरीक कोण करते वं?" असं आईचं म्हणणं. कोणी विचारलं की पिलिया. माह्या लग्नातही तेच सांगितलं. पिंकीचं अजून व्हायचं होतं.

अंकुश एकतीसचा झाला. इतवारीत भांड्यांच्या दुकानात होता. दिवसभर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, दुपारचं जेवण म्हणजे उभ्याउभ्या समोसा-तर्री. मी किती डोकं फोडलं, "बाबाच्याच वाटेवर आहेस गा. एकदा रक्त तपास, बीपी पाहून घे." तो हसे. "ताई, तपासलं अन् काही निघालं तं? आधी लग्न होऊ दे." पोरगी उमरेडची, प्रियदर्शनी. तिच्यावर जीव जडला होता त्याचा, खोटं काहून बोलू.

साक्षगंधाच्या दिवशी, अंगठ्या घालायच्या आधीच, मनीषनगरच्या हॉलमध्ये पाहुणे बसलेले, अन् हा घामाने ओलाचिंब. जबडा दुखते म्हणे, डावा हात जड झाला म्हणे. आईने जिऱ्याचा सोडा पाजला. "सकाळपासून उपाशी आहे, पित्त झालं." पण पोरीचे वडील मारोतराव तडक उठले. त्यांनी अंकुशले स्वतःच्या गाडीत घातलं. आई अन् मी मागे बसलो.

दवाखान्यातला डॉक्टर तरुणच होता, पण नीट विचारून राहिला होता. "पहिल्या ईसीजीत काही दिसत नाही. पण दरवेळी दिसतेच असं नाही. घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास होता का? वडील कशाने गेले?"

मारोतराव तिथेच उभे, हातात अंकुशचे जोडे. आई म्हणाली, "पिलियाने."

माह्यं टाळकं सरकलं. "खोटं आहे डॉक्टर. हार्टनेच गेले."

डॉक्टरने अंकुशकडे पाहिलं. अंकुशने मारोतरावांकडे. मग म्हणे, "ताई घाबरट आहे. पिलियाच होता. मले आता बरं वाटून राहिलं."

"तरी थांबा. रक्त तपासू, थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढू."

"पाहुणे खोळंबले ना तिकडे. उद्या येतो." मी हात धरला, तो सोडवून गेला. अंगठी घातली, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता पडला, तो उठलाच नाही.

मारोतराव मयतीले आले. माह्याजवळ बसले. "दवाखान्यात तू खरं बोलत होती का, बाई?"

"हो."

"माह्या मोठ्या पोराचा ॲक्सिडेंट झाला म्हणून सांगितलं ना तुम्हाले? नाही झाला. तोही असाच गेला, सत्ताविसाव्या वर्षी. त्यालेही असाच घाम सुटला होता, म्हणून तं मी उठलो. तुम्ही सोयरीक मोडान, म्हणून बोललो नाही. बोललो असतो तं अंकुश थांबला असता."

मले त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडू कोणत्या तोंडाने? तिथेच बसून रडलो दोघंही.

आई भिंतीले टेकून सारं ऐकत होती. ते गेल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, आतल्या खोलीत पडलेल्या पिंकीकडे पाहिलं, अन् हळूच मले विचारलं, "दीपा, अंकुशचं काय सांगायचं वं लोकाइले?"