तलवारीचे घरचे कपडे

लॉकडाऊनमध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनचा फर्निचरचा कारखाना बंद झाला आणि सुमती पटाश्या, रंधे घेऊन घरी बसली. त्याच आठवड्यात शेजारच्या डेकरबाई, म्हणजे डचमध्ये मेफ्राउ डेकर, टॉवेलात गुंडाळलेली जपानी तलवार घेऊन कुंपणापाशी आल्या. ती लांबूनच पुढे केल्यामुळे दीड मीटरचं अंतर आपोआप पाळलं गेलं.

“बाबांनी जावाहून आणली. महायुद्धात त्यांना छावणीत कोंडणाऱ्या जपानी अधिकाऱ्याची,” त्या म्हणाल्या. “बाबा गेले तेव्हा मी म्हटलं, नदीत टाकू. विम म्हणाला, टाकून तर बघ. तेव्हापासून आम्ही भाऊ-बहीण बोलत नाही. आता त्यालाच देऊन टाकते. पण म्यान कुजलंय. देताना मला पातं दिसायला नको.”

सुमतीने वाचून काढलं. वापरात नसलेल्या तलवारीला जपानी लोक साधं, बिननक्षीचं लाकडी म्यान घालतात, विश्रांतीसाठी. लाकूड मॅग्नोलियाचं. मेफ्राउंच्या शेडमध्ये जुन्या मॅग्नोलियाच्या वाळलेल्या फळ्या होत्याच.

तिने फळीचे दोन भाग केले आणि आतून पात्याच्या आकाराची खाच कोरली. पातं लाकडाला टेकता कामा नये. म्हणून ती पात्याला तेल लावायची, दोन्ही भाग मिटायची, उघडायची आणि तेलाचा डाग दिसेल तिथे तासायची. पुन्हा तेल, पुन्हा डाग. जेवणाच्या टेबलावर तलवार असल्यामुळे तिचा नवरा धनराज मांडीवर ताट घेऊन जेवत होता.

“इपॉक्सीने चिकटव,” तो म्हणाला.

“नाही. पुढे कधी साफ करायचं झालं तर म्यान उकलता आलं पाहिजे. भाताची खळच हवी.”

बासमतीची खळ धरेना. मग सुमतीने इंद्रायणीची शेवटची पिशवी काढली. विमानं बंद होती, भारतातून नवी पिशवी येणार नव्हती.

“तलवारीसाठी?” धनराजने विचारलं.

“थोडाच घेतेय.”

त्या रात्री दोघांनी पास्ता खाल्ला.

विम द हेगहून आला. बागेत दोन टोकांना दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मेफ्राउंनी मधल्या स्टुलावर तलवार ठेवली आणि त्या मागे सरल्या. त्याने म्यानावरून हात फिरवला. उपसली नाही.

“घरच्या कपड्यांत आहे,” तो म्हणाला.

“सगळेच आहेत,” मेफ्राउ म्हणाल्या.

कुंपणाआड सुमती धुतलेले कपडे पुन्हापुन्हा झटकत उभी होती. मग विमने विचारलं, बाबा शेवटी काही म्हणाले होते का? मेफ्राउ बोलायला लागल्या, तशी सुमती आत निघून आली.

तलवार विमकडे गेली. आता तो दर रविवारी फोन करतो. दोघं बहुतेक वेळा भांडतात. मेफ्राउंचा आवाज भिंतीतून ऐकू येतो, चांगला ठणठणीत.