ओळखीचा आवाज

वाहिनीवरच्या बातम्यांमागचा तो भारदस्त आवाज त्याचा होता, पण चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. दुकानात त्यानं नुसतं "बटाटे कसे दिले?" विचारलं तरी लोक दचकायचे. बिचाऱ्यांनी त्या आवाजात आजवर चांगलं काही ऐकलंच नव्हतं! बायको वर्षापूर्वी निघून गेली, तेव्हा जाताना एवढंच म्हणाली, "घरात तरी माणसासारखं बोलायचं होतंस." तेव्हापासून घर त्याला खायला उठायचं.

निवडणूक तोंडावर आली. वाहिनीच्या मालकांचे जावई उभे होते आणि 'प्रत्येक दार सुरक्षित' ही त्यांची घोषणा होती. एके दिवशी संपादकांनी त्याच्यापुढे कागद सरकवला. चोर आता नातेवाइकांचा हुबेहूब आवाज काढतात, आवाज ओळखीचा असला तरी दार उघडू नका, असं त्यावर होतं.

"हे कुठं घडलं, साहेब?"

"घडायची वाट बघत बसू का? आणि 'ओळखीचा'वर जरा थांब. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे."

दारांची कुलपं बनवणारा कारखानाही जावईबापूंचाच ना, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नोकरी गेली तर बोलायचं कुणाशी? इथं निदान माइक तरी होता. मूग गिळून तो काचेच्या खोलीत शिरला आणि 'ओळखीचा'वर असा थांबला, की संपादकांनी पलीकडून खूश होऊन मान डोलावली.

ती सूचना दर तासाला वाजू लागली. त्याची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. दिवसभर टीव्ही लावून बसायची आणि शेजारणीला अभिमानानं सांगायची, "हा माझा मुलगा बोलतोय." हळूहळू तिनं खाली बागेत जाणं सोडलं. मग त्या शेजारणीलाही दार उघडेना. रविवारी तो गेला, की ठरलेल्या वेळी दार किलकिलं करून त्याला झटकन आत ओढायची आणि तीन कड्या लावायची.

हे बघून त्याचा जीव तुटायचा. शेवटी त्यानं ठरवलं, आईला कायमचं आपल्याकडे आणायचं. तिची भीती जाईल आणि आपल्याही घरात कुणीतरी खोकेल, भांडी वाजवेल, उशीर झाला तर रागावेल. रविवारपर्यंत त्याला दम निघेना. बुधवारी दुपारीच रजा टाकून तो तिच्या दारात उभा राहिला.

"आई, मी आलोय गं."

"कोण मी?"

"अगं, मीच! तुला न्यायला आलोय."

आत पावलं दारापर्यंत आली. दाराच्या भोकातून तिनं पाहिलं असेल, पण मोतीबिंदूमुळे तिला समोर माणूस आहे एवढंच दिसायचं.

"माझा मुलगा रविवारी येतो. आज कामावर असतो तो."

त्यानं फोन लावला. आत वाजला आणि वाजून वाजून थांबला. चोर आधी फोन करून घरात कोण आहे ते बघतात, हेही त्यानंच बातम्यांत वाचून दाखवलं होतं. मग त्यानं लहानपणी जिन्यावरून पडल्याचं सांगितलं, वडिलांच्या आजारपणाचं सांगितलं.

"सगळी माहिती काढून येता रे तुम्ही," आई म्हणाली.

तेवढ्यात आतल्या टीव्हीवर तो बोलू लागला. 'आवाज ओळखीचा', मग ती जीवघेणी शांतता, 'असला तरी दार उघडू नका.'

"ऐकलंस? हा माझा मुलगा. तो सांगेल तेच मी ऐकते."

शेवटचा उपाय म्हणून त्यानं घसा साफ केला आणि बातम्यांच्या त्याच भारदस्त आवाजात म्हणाला, "आई, दार उघड. भ्यायचं काही कारण नाही."

"नक्कल छान करतोस," ती म्हणाली. "पण भिऊ नकोस असं तो कधी म्हणत नाही."

तो पायरीवर मटकन बसला. तो गेला नाही हे तिला कळलं असावं. दाराच्या फटीशी येऊन ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "जा बाबा. वाईट नाद सोड. तुझ्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल ना?"

"नाही गं," तो म्हणाला.

पण तोवर तिनं टीव्हीचा आवाज मोठा केला होता.