खोकल्याचा पहिला दिवस

अंजलीनं तिसरी तारीख खोडली, तेव्हा पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

"बाबा, एकोणीस कशी असेल? सतरा तारखेला दवाखान्यात मीच तुमचं रक्त घेतलं ना? तेव्हा तुम्ही खोकत होता."

"तो खोकला नव्हता, ताई. सराव होता."

गोटीरामचा चेहरा इतका सरळ होता की दारातल्या म्हशीनंही विश्वास ठेवला असता. त्याला नुसते किती वाजले विचारलं, तरी ते घड्याळ कुणी कुणाला आहेरात दिलं इथून तो सुरुवात करी. आणि सायखेड्यातली माणसं तेवढ्यासाठी, हातात घड्याळ असूनही, त्याला वेळ विचारायला येत.

अंजली मात्र नाशिकहून या घरी तिसऱ्यांदा आली होती. एसटीत तासभर उभी राहून. फोनवर संशोधन चालवणाऱ्या मॅडमचा निरोप होता: आज पाच वाजेपर्यंत तारीख द्या, नाहीतर सायखेड्याची जोडी बाद.

जोडी म्हणजे गोटीराम आणि त्याची बायको धोंडाबाई. एकाच घरात एकाच फ्लूनं दोघांना गाठलं. गोटीराम चार शिंका देऊन मोकळा झाला. धोंडाबाई नऊ दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होती, आणि घरी आल्यालाही पंधरवडा झाला तरी नाकाची नळी सुटली नव्हती. कॉटवर ती बसलेली, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. अशा दीडशे घरांतलं रक्त नाशिकला फ्रीजरमध्ये ठेवलेलं होतं. आणि या घराच्या कागदावर आजाराच्या पहिल्या दिवसासमोर तीन खाडाखोडी आणि एक भोक.

"पुन्हा सांगते," अंजली म्हणाली. आपण लहान मुलाशी बोलतो तसं बोलतोय हे तिला कळत होतं, पण आवाज ऐकत नव्हता. "विषाणू आत शिरला की अंगातली काही जनुकं जागी होतात, लढायला. तुमची वेळेवर झाली असतील, आजींची उशिरा. किंवा आजींची जागी झाली आणि थांबलीच नाहीत. रक्तात ते दिसतं, पण रोज बदलतं. रक्त घेतलं तो आजाराचा दुसरा दिवस होता का पाचवा, हेच माहीत नसेल तर ते कशाशी ताडून बघायचं?"

"म्हंजी माझे राखणदार जागे, आन हिचे घोरत पडले?"

"तसं म्हणा. तारीख?"

गोटीराम पुढे सरकून बसला. कोपऱ्यात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, एक गाठोडं होतं, तोंड न सोडलेलं. अंजली तीनदा आली, तिन्ही वेळा ते तसंच होतं आणि तिन्ही वेळा गोटीराम त्याच्याकडे पाठ करूनच बसला होता.

"आता खरं सांगतो. नांदूरमधमेश्वरला थंडीत पाखरं येत्यात ना, पार सैबेरियातून? त्यातलं एक माझ्या बांधावर उतरलं. लय दमलेलं. मी म्हनलं, पावनं, पानी घ्या. तर त्यानं माझ्या तोंडावर अशी शिंक दिली, अशी शिंक दिली, की माझी टोपी थेट निफाडला..."

"कोणत्या तारखेला?"

"पाखराला कुठं तारीख असती, ताई?"

अंजलीनं फाइल मिटली. पेनाचं टोपण सापडेना. ते तिच्या मुठीतच होतं.

"ठीक आहे. दोघांचंही रक्त बाद."

धोंडाबाईनं नळी नाकाखालून जराशी खाली ओढली.

"बाद म्हंजी? फेकनार?"

"फेकणार नाही, आजी. मोजणार नाही."

"मंग मला का झालं आन ह्यांना का नाय, ते कळनार नाय?"

"तुमच्या एकटीचं तसंही सांगता यायचं नाही. दीडशे घरांचं मिळून काहीतरी कळेल. तुमचं घर त्यात नसेल, एवढंच."

धोंडाबाईनं श्वास गोळा केला.

"ह्यांची बारा तारीख लिही."

"आगं, तुला काय ठावं..."

"गॅसची टाकी आली त्या दिवशी. पावती मिठाच्या डब्याखाली हाय, बघ ताई. ह्ये सांजंला हरसूलच्या बाजारातनं आले. गाठोडं टाकलं, न्हाणीत गेले आन खोकत बसले. नळ सोडून."

गोटीरामनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"मला खोकला तिसऱ्या दिवशी आला. संक्रांतीला."

अंजलीनं डबा उचलला. पावतीवर बारा जानेवारी होती. तिनं कोरा कागद काढून लिहिलं. गोटीराम, बारा. धोंडाबाई, चौदा. एकाखाली एक. मग त्याचा फोटो मॅडमला पाठवला. पाचला दहा मिनिटं होती. आता निघायला हरकत नव्हती, पण तिला उठता येईना.

"तुला तवापासून ठावं होतं?" गोटीरामनं विचारलं. तो आता गाठोड्याकडे बघत होता.

"एका घरात ऱ्हाते मी. नळाचा आवाज आन तुमचा आवाज येगळा कळत नाय व्हय मला?"

"मंग बोलली का नाय?"

"तुमी बोलत होता ना." ती दमली होती, वाक्याच्या मधोमध थांबत म्हणाली, "आन हरसूलची नागली... मीच मागितली व्हती. थंडीत भाकर खावी वाटली."

तिनं नळी पुन्हा नाकाशी नीट बसवली, उशीला टेकली.

"पाखराचं अर्धंच ऱ्हायलं," ती म्हणाली. "टोपी निफाडला गेली. आन मंग?"

गोटीरामनं गाठोडं ओढून मांडीवर घेतलं. चार आठवड्यांत गाठ चांगलीच आवळली होती. तो खाली मान घालून नखांनी ती सोडवू लागला.

"मंग काय," तो गाठीलाच सांगावं तसं म्हणाला, "पाखरू लय ओशाळलं."